एका हाताने उघडणारा डबा

प्रदर्शनाच्या गर्दीत माझ्या पिशवीचा बंद एका टेबलावरच्या कॉम्प्युटरला अडकला, आणि त्याची अख्खी बाजूच माझ्या हातात आली.

“अगं बाई... मोडला!”

“मोडला नाही हो, सुटला,” टेबलामागचा उंच माणूस हसला. “तो सुटायलाच केलाय.”

कॉम्प्युटरचा तो बाहेरचा डबा त्यानेच घडवला होता. अक्रोडाच्या लाकडाचा, मधाच्या पोळ्यासारख्या सहा कप्प्यांचा. हवा तो कप्पा काढा, हवा तसा रचा, नाहीतर भिंतीवर टांगा. मी बघतच राहिले... आधी डब्याकडे, मग त्याच्याकडे.

“डोळे तपासताय का माझे?”

“कामच आहे माझं. चष्म्याच्या दुकानात असते मी.”

“मग? काय म्हणताहेत डोळे?”

“नजर चांगली आहे. जरा जास्तच रोखून बघता, एवढंच.”

तो लाजला. आणि मी एकदम विचारून टाकलं — “हा एका हाताने उघडेल?”

माझा दादा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. अपघातात त्याचा डावा हात गेल्यातच जमा झाला, आणि दोन वर्षं त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरलाही हात लावला नव्हता. एका स्क्रूसाठी बहिणीला हाक मारायची, हेच त्याला सोसत नव्हतं.

हे सांगितलं, तसं त्या उंच माणसाचं हसू मावळलं. “माहीत नाही. करून बघावं लागेल.”

आठवड्याने त्याच्या कार्यशाळेत गेले, तर हा स्वतःचा डावा हात मफलरने पाठीशी बांधून डब्याशी झगडत होता. केसांत भुसा, कपाळावर घाम.

“हे काय?”

“आठ दिवस असाच काम करतोय. शर्टाची बटणं लावतानाच जीव मेटाकुटीला येतो हो! तुमचे दादा खरंच मोठे आहेत.”

झालं... मी गेले कामातून.

रविवारी तो डबा घेऊन घरी आला. दादाने कप्पा ओढला — अख्खा डबाच टेबलावरून घसरत आला. दादाचा चेहरा पडला. मी पुढे होणार, तेवढ्यात तो दादाला म्हणाला, “चूक माझी. तळाला रबर लावायला हवं होतं.”

“रबराने काय होतंय?” दादा खेकसला. “वजन हवं खाली. आण तो पाना.”

दोन वर्षांनी दादाने पाना मागितला होता! मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

संध्याकाळपर्यंत दोघांचं वादावादीत काम चाललं. मग दादाने एका हाताने कप्पा काढला, आतला पंखा पुसला, कप्पा परत बसवला. कुणालाही हाक न मारता.

निघताना तो दाराशी रेंगाळला. “काम तर झालं... आता यायला काही—”

“निमित्तं शोधू नका,” मी म्हणाले. “मला तुम्ही आवडता.”

तो इतका गडबडला की चपला उलट्या घातल्या. आतून दादा ओरडला, “अरे, तिला उत्तर दे आधी!”

“तुम्हीही मला... प्रदर्शनापासूनच. फक्त एक—”

“काय?”

“हे ‘अहो-जाहो’ पुरे आता.”

“बरं,” मी म्हणाले. “मग चल आत. चहा गार होतोय तुझा.”