येतो

समुद्राजवळच्या घरातला जुना संगणक सुरू होत नसेल, तर पहिला संशय हवेवर घ्यावा. चेन्नईची खारी हवा रॅमच्या सोनेरी पट्टीवर बसते. ती खोडरबरानं घासली की निम्मी दुखणी पळतात. पेरुंगुडीतल्या एका कंपनीत बारा वर्षं मी हेच काम करते. म्हणून वरच्या मजल्यावरच्या अंबुजामामींनी हाक मारली, तेव्हा मी फक्त खोडरबर आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले.

मामी तंजावरच्या मराठी. त्यांचे यजमान गुंडोराव अकरा महिन्यांपूर्वी गेले. तंजावरी मराठीतले चार हजार शब्द, अर्थांसकट, त्यांनी या एकाच संगणकात जमवले होते. दुसरी प्रत नाही. सोमवारी मामी कायमच्या कोइमतूरला, लेकीकडे निघणार होत्या आणि संगणक भंगारात जाणार होता. त्याआधी शब्द बाहेर काढायचे होते. लेक, सहाना, ते छापून घेणार होती.

संगणक चालू केला की एक लांब बीप वाजे आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ येई: कीबोर्डवरचं एक बटण दाबलेलं आहे. मी रॅम घासली. घड्याळाची बॅटरी बदलली. वीजपुरवठ्याचा डबाही बदलून पाहिला. कधी चौथ्या-पाचव्या खेपेला यंत्र सुरू होई, पण फाईल उघडायच्या आत बंद पडे. डिस्क काढून माझ्या घरच्या संगणकाला लावली, तर त्यानं ती ओळखलीच नाही. शनिवारी कोरा कीबोर्ड आणून जोडला. तीच ओळ. मला माझाच राग यायला लागला होता.

"मी 'या' म्हटलं कीं चालतं गं," मामी म्हणाल्या.

मी हसले. माझ्या आईचा मिक्सरही शिव्या खाल्ल्याशिवाय फिरत नसे.

रविवारी दुपारी मी शेवटचा उपाय केला. कीबोर्ड काढूनच टाकला. आता 'कीबोर्ड सापडला नाही' एवढीच तक्रार यायला हवी होती. कीबोर्ड माझ्या मांडीवर, वायर जमिनीवर लोंबत. खिडकीबाहेर दलदलीवर बगळे उतरत होते. मी बटण दाबलं.

लांब बीप. एक बटण दाबलेलं आहे.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग वायरचं टोक हातात घेऊन पाहिलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

मामी कॉफी घेऊन दारात उभ्या होत्या. पडद्याकडे बघत त्या हलकेच म्हणाल्या, "या."

आतला पंखा घरघरला आणि पडदा उजळला.

"मामी, तुम्ही कुणाला बोलावता?"

"मशीन बंद करताना रोज म्हणायचे, 'येतो.' आस्पत्रीला नेलं त्या दिवशीं मात्र दारांत म्हणाले, 'जातो.' मीच रागें भरले. जातो म्हणूं नये, येतो म्हणा. 'सरी, येतो,' म्हणून कबूल झाले."

"मग?"

"मग काय. शब्दाचे पक्के होते ते."

मी घाईनं पेनड्राइव्ह लावला, माउसनं फाईल उघडली, नक्कल सुरू केली. यादीच्या तळाशी शेवटचा शब्द होता: येतो. पुढे अर्थ: निघताना म्हणावयाचा शब्द.

त्याखालची ओळ कोरी होती.

मग तिथं एक अक्षर उमटलं. थोड्या वेळानं दुसरं.

आलो.

कीबोर्ड माझ्या मांडीवर होता. त्याच्या एकाही बटणाला माझं बोट लागलेलं नव्हतं.

नक्कल पूर्ण झाली आणि संगणक आपोआप बंद पडला. मी पेनड्राइव्ह उपसून मुठीत धरला. मामींनी कॉफी खाली ठेवली आणि काळ्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी उद्यां जातें," त्या सावकाश म्हणाल्या. "ऐकलंत? जातें."

मला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. पायांत कशाबशा चपला अडकवल्या. जन्मभराची सवय, तोंडातून निघूनच गेलं.

"मामी, येते."

मला थांबवायला उचललेला त्यांचा हात अर्ध्यावर राहिला. त्या माझ्या मुठीकडे बघत होत्या.

सोमवारी मामी गेल्या. भंगारवाला संगणक घेऊन गेला.

मंगळवारी सकाळी मी माझ्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला. लॅपटॉप दिवाळीत घेतलेला, नवा कोरा. लांब बीप वाजली. काळ्या पडद्यावर तीच ओळ आली.

पेनड्राइव्ह काढला. ओळ गेली नाही. ऑफिसातल्या संगणकाला लावला, तोही तिथंच थांबला.

सहानाचा रोज फोन येतो. छापखाना थांबलाय, बाबांचे शब्द कधी पाठवतेस? मी म्हणते, काम चालू आहे.

लॅपटॉप समोर उघडा आहे. तो कसा सुरू होईल, हे मला ठाऊक आहे. मी घरात एकटी राहते, आणि चार दिवस तोंडातून 'या' निघू दिलेला नाही. काल दारात दूधवाला आला, त्यालाही मी हातानंच खूण केली.