पुन्हा बिघडलेलं कुलूप

दार आजींनी उघडलं नाही. उघडलं ते हातात स्क्रू-ड्रायव्हर असलेल्या एका उंच माणसाने.

"कोण तुम्ही?" बेल वाजवून उभ्या असलेल्या बाईने विचारलं.

"बेल तुम्ही वाजवलीत. आधी तुम्ही सांगा."

तिने गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला...

"फोटोत हसताय," तो म्हणाला. "म्हणून खात्री होईना."

मागे उभ्या असलेल्या तिच्या विद्यार्थिनीने खोकल्याचं निमित्त करून तोंड दाबलं. तिने मागे वळून असं पाहिलं, की खोकला जागच्या जागी बरा झाला.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करायची, त्यांना कोणी लुबाडत तर नाही ना हे पाहायचं, ही तिची नोकरी. कॉलेजातल्या मुली हे काम शिकायला तिच्याच हाताखाली येत. ऑफिसात तिला सगळे मागून 'दुर्बीण' म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एकदा फळांची पिशवी घेऊन येणाऱ्या एका गोड भाच्यावर तिने विश्वास टाकला, आणि त्या भाच्याने आजोबांचं घर कधी गिळलं ते तिला कळलंही नाही. तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती.

आणि इथे तर शेजारणीचाच फोन आला होता. एक कुलूपवाला सारखा येतो, आजींचं कुलूप सारखं उघडून बसतो, घराची एक किल्लीही त्याच्याकडेच असते. शिवाय पैसे घेत नाही! तिच्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल.

"तुम्ही जरा बाहेर थांबा. मला आजींशी एकटीने बोलायचंय."

"थांबतो. पण जिन्यातच," तिच्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघत तो म्हणाला. "त्यांना उचलून वृद्धाश्रमात ठेवायला आलात ना? मी ओळखतो असल्या बॅगा."

चोर तो चोर, वर शिरजोर! ती आत गेली खरी, पण दाराबाहेरच्या त्या गप्प सावलीकडे तिचं लक्ष जातच राहिलं.

तिची एक पद्धत होती. भेट संपली की बसस्टॉपच्या बाकावर बसायचं, आणि आज बाईंचं काय चुकलं ते विद्यार्थिनीने आधी सांगायचं. शिकवणाऱ्याचं शिकणं थांबलं, की त्याने खुर्ची सोडावी, असं ती म्हणे. म्हणणं सोपं असतं हो, ऐकून घेणं जड जातं.

"तुम्ही त्याच्याबद्दलच विचारत होतात, मॅडम," विद्यार्थिनी चाचरत म्हणाली. "आजींना काय हवंय, ते राहूनच गेलं."

"आधी धोका बघायचा असतो."

"हो, पण... त्याचे डोळे कसे आहेत, हे पण लिहायचंय का?"

"बस आली," ती म्हणाली. बस आली नव्हती.

मग ती चौकशीसाठी त्याच्या दुकानात गेली. चौकशीसाठीच! दुकान कसलं, भिंतभर किल्ल्या लटकवलेली एक फट होती ती. बाहेर पाऊस भुरभुरत होता, आत तेलाचा वास, आणि तो खाली मान घालून कानस चालवत होता.

"आजींचं कुलूप दर आठवड्याला कसं बिघडतं?"

"कुलुपं बिघडतात."

"एकच? सारखं?"

"सांगणार नाही," तो शांतपणे म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने नजर चुकवली. "एवढा संशय घ्यायला कुठे शिकलात हो?"

"नोकरीत. तुम्ही?"

"नोकरीतच. किल्ली हरवली म्हणून रडत येतात, आणि घर निघतं दुसऱ्याचं."

ती हसली. मग आपण हसलो हे लक्षात येऊन तिने छत्री उघडली... दुकानाच्या आतच. त्याने वरच्या किल्ल्या बाजूला केल्या. घरी जाताना तिला स्वतःचाच राग येत होता. पाणी कुठेतरी मुरतंय, हे नक्की होतं. पण ते त्याच्याकडे मुरतंय की आपल्याकडे, याची तिला आता खात्री वाटेना.

अहवाल द्यायची वेळ आली. घर सुरक्षित नाही असं तिने लिहिलं असतं, तर आजींची रवानगी आश्रमात होणार होती. शेवटच्या भेटीत तिने विद्यार्थिनीला पुढे बसवलं आणि स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसली. गप्प बसणं तिला किती अवघड जातं, ते त्या स्टुलालाच ठाऊक.

"आजी," मुलीने विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

आजींनी दाराकडे पाहिलं. तो जिन्यात होता. त्या पुढे वाकल्या आणि लहान मुलीसारख्या कुजबुजल्या, "कुलूप बिघडायला हवं."

"म्हणजे?"

"अगं, बिघडलं की तो येतो. चहा घेतो, दोन गोष्टी बोलतो. म्हणून मीच साबणाचा तुकडा घालते आत. त्याला सांगू नकोस हं!"

कोपऱ्यातली दुर्बीण स्टुलावरून उठली. ती थेट जिन्यात गेली.

"तुम्हाला साबणाचं माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून. गुलाबाचा वास येतो कुलुपाला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही लिहिलं असतंत, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही."

खरंच होतं ते. लिहिलं असतं, अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं असतं. तिला इतकी लाज वाटली, की ती तिथेच पायरीवर बसली. थोड्या वेळाने तोही शेजारी बसला... जरा अंतर ठेवून.

आजी घरीच राहिल्या. दुपारी गप्पा मारायला रोज कोणीतरी येईल, अशी सोय तिने लावून दिली. आता अधूनमधून चक्कर टाकली की काम भागलं असतं. पण ती वारंवार जाऊ लागली.

बाकावर बसल्यावर एक दिवस विद्यार्थिनी म्हणाली, "आज काय चुकलं, सांगू? रागवाल."

"सांग."

"ही केस तुम्ही सोडायला हवी. तुम्ही आजींना बघायला जात नाही, मॅडम. ज्या घरात आपलं मन गुंतलं, त्या घराचा अहवाल आपण लिहायचा नाही... तुम्हीच शिकवलंत."

ती रागावली. बस येईपर्यंत चांगलीच रागावली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आजींची केस शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे दिली. मुलीलाही त्यांच्याकडेच पाठवलं, कारण आजींना तिचा लळा लागला होता.

संध्याकाळी ती त्याच्या दुकानात गेली. गळ्यात ओळखपत्र नव्हतं, खांद्याला बॅगही नव्हती. त्याने डोळे बारीक केले.

"आज काय चौकशी?"

"केस सोडली मी."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... आता येणार नाही?"

"तिथे नाही."

तिने पदराआडून हात बाहेर काढला आणि एक कुलूप त्याच्या पुढ्यात ठेवलं. "घरचं आहे. बिघडलंय."

त्याने कुलूप उजेडात धरलं, आत पाहिलं. मग नाकाशी नेलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती. आता तिचे कान लाल झाले होते.

"चंदनाचा दिसतोय," तो हळूच म्हणाला.

"गुलाबाचा संपला होता."

त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि तिच्यासाठी स्टूल पुसलं.

"वेळ लागेल हं दुरुस्तीला," तो म्हणाला. "आणि माझी खात्री आहे, हे पुन्हा बिघडणार."