तिसऱ्या हाकेला ओ

तेजश्री, हॉल झाड, खिडक्या पूस, काय हवं ते कर. पन ती कोपऱ्यातली खुर्ची तेवढी घासू नकोस गो. तिच्यावरची हळदीची बोटं जात नायत. मी साबनाच्या दोन पुड्या संपवल्या. लाइट गेलीच हाय, तर बस इथं मेणबत्तीजवळ. उद्यापासून हॉल तुज्या ताब्यात, तेव्हा तुला म्हाईत पायजे.

मी करंज्याची कोळीन. गुडघे गेले तशी मासळीची पाटी सोडली आनि इथं द्रोणागिरीला चर्चच्या हॉलात झाडूला लागले. मिस्सा, म्हंजे त्यांची रविवारची प्रार्थना, याच हॉलात होते. पयल्याच रविवारी सगळे हात जोडून म्हनाले, "हे येसू, आमची हाक ऐक." मी झाडू घेऊन मागं उभी. मोठ्यानं म्हटलं, "ओ! ऐकते, बोला!"

अख्खा हॉल हसला. माजं नाव येसू, मी काय करू? नंतर फादरनी मला बाजूला घेतलं. "येसूबाई, इथं येसू म्हटलं की तुमी ओ द्यायची नाय. ती हाक दुसऱ्याला असते."

गेल्या थंडीत हॉलात एक प्रदर्शन आलं. टेम्पोतून गावोगाव फिरत आलेली मानसाएवढी पोस्टरं. कुठल्या कुठल्या देशात मिस्सात वाटतात त्या भाकरीचं मांस झालं, रगत आलं, त्याची चित्रं. फादर म्हनाले, "आमच्यासाठी ती नुसती भाकर नाय, येसूचं शरीर हाय." मी म्हटलं, "आमच्यात पन भाकरीला पाय लागला तर पाया पडतात." बरं वाटलं त्यांना.

पन माजं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माजा पोरगा प्रणय दर्यावर गेलेला. बोट यायला दोन दिस उशीर, फोन लागेना. लाडात आला की मला नावानंच हाक मारतो गधडा, येसू म्हनून. बंदरावर बाया वाट बघत बसलेल्या, मला तिथं बसवेना, म्हनून कामाला आले.

तिन्हीसांजेला अशीच लाइट गेली. फादर वायरमनला शोधायला गेले. मी एकटी आनि ती पोस्टरं. मेणाचा वास येत होता; तो हळूहळू गेला आनि ओल्या जाळ्याचा यायला लागला. शेवटच्या पोस्टरमागून आवाज आला.

"येसू... भूक लागली..."

मी ओ दिली नाय. एक तर फादरनी सांगितलेलं. दुसरं, माज्या आयशीनं शिकवलेलं: तिन्हीसांजेला तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाय. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक मानसाची.

"येसू... भूक..."

पोस्टरमागं पानी ठिबकत होतं. मी पदर तोंडात कोंबला. किती वेळ गेला देव जाने. मग अगदी बारीक, रडवेला...

"येसू..."

"ओ! थांब रं बाबा, देते!"

पोस्टरमागं बघायची छाती झाली नाय. हात लांब करून डबा त्या खुर्चीवर ठेवला. सकाळची तांदळाची भाकर आनि जवळ्याची चटनी. भाकर मोडल्याचा आवाज आला. लाइट आली तेव्हा तिथं कोन नव्हतं, डब्यात बरोबर अर्धी भाकर होती.

पहाटे बोट आली. प्रणयला बघून मी आधी रडले, मग दोन चापट्या दिल्या. म्हनाला, "इंजिन बंद, धुक्यात हाताला हात दिसेना, खायला काय नाय. तुला तीन हाका मारल्या."

"मग...?"

"मग काय, आलीस की! भाकर दिलीस. पन चटनीत मीठ इसरलीस."

काळजीनं रडत रडत वाटलेली चटनी. घरी जाऊन पाट्यावरची चाखली. मीठ नव्हतं.

"आनि तुज्यासंगती तो कोन गो, भाकर मोडून देनारा?" प्रणयनं विचारलं. "हाताला केवढी जखम त्याच्या. हळद लाव म्हनाव."

माज्या पोराला जेवू घातलं त्यानं, मी एवढं पन करू नको? दुसऱ्या दिवशी हळदीची वाटी खुर्चीवर ठेवली. सांजेला वाटी अर्धी, खुर्चीवर ही बोटं. फादरना दाखवली. ते खुर्चीपुढं जमिनीवरच बसले. प्रदर्शन पुढच्या गावाला गेलं, बोटं राहिली. भ्यायचं काय त्यात? मी तर येताजाता राम राम करते.

गप... ऐकलंस?

नाय गो, येसू नाय म्हटलं. तेजश्री म्हटलं.

ए, ओ देऊ नकोस! पयलीच हाक हाय ही. तोंड काय पाडतेस, हस की जरा. अजून दोन येऊ दे... डब्यात भाकर आनलीयस ना?