मास्कखालची फुसाए

"अहो, ते नका घेऊ. झोंबेल!"

बोलून गेली आणि फुसाएनं जीभ चावली. औषधाच्या दुकानात, अनोळखी पुरुषाला, तेही लिप बामवरून, आपण होऊन सल्ला द्यायचा? पण तो माणूस होताच तसा. बाहेर पाऊस आणि बर्फ एकदमच कोसळत होतं, त्याच्या कोटातून पाणी निथळत होतं, आणि हा बाबा गुलाबी टोपणाची स्ट्रॉबेरीच्या वासाची कांडी हातात धरून असा विचारात पडला होता, जसं काही घर विकत घ्यायचंय.

"झोंबेल?" मास्कच्या वर त्याचे डोळे गोल झाले.

"पेपरमिंटही आहे त्यात. कुणासाठी हवंय? मुलीसाठी?"

"वडिलांसाठी. ब्याण्णव वर्षांचे आहेत."

फुसाएला हसू आवरेना. तिनं तोंडावर हात धरला... मास्क असतानाही. सवयच ती.

"ब्याण्णव वर्षांच्या माणसाला स्ट्रॉबेरी?"

"लहानपणी मला आवडायची," तो ओशाळून म्हणाला. "त्यांना काय आवडतं, हे कधी विचारलंच नाही मी."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, की फुसाएचं हसू जागीच विरलं. तिनं खालच्या फळीवरची बिनवासाच्या मलमाची साधी डबी काढून त्याच्या हातात ठेवली. "हे घ्या. आईला मी हेच लावते."

दाराशी आल्यावर कळलं, स्वारीकडे छत्रीच नाही.

"कानाझावाचे नाही वाटतं तुम्ही? इथे जेवणाचा डबा विसरला तरी चालतो, छत्री विसरून चालत नाही."

"जन्म इथलाच. पण तीस वर्षं नागोयात बस चालवली. बसमध्ये काय, डोक्यावर छप्पर असायचं!"

निघाले दोघं एका छत्रीतून, आणि पोहोचले एकाच फाटकाशी. समोरच्या वृद्धाश्रमात. तिची आई वरच्या मजल्यावर, त्याचे वडील खालच्या. त्याचं नाव रेइजी कुवाबारा, वय एकोणसाठ, बायकोला जाऊन बरीच वर्षं झालेली. वडिलांना पक्षाघाताचा झटका आला तसा नोकरी सोडून गावी परतलेला. ही फुसाए नाकागावा, छप्पन्न वर्षांची, रेशमी कापडाच्या दुकानात काउंटर सांभाळणारी, लग्नाच्या वयात आईचं आजारपण काढता काढता बिनलग्नाची राहिलेली. तिच्या मते आता तिच्या आयुष्यात काही घडायचं राहिलं नव्हतं. माणूस असं म्हणतो ना, तेव्हाच कुणीतरी भिजत समोर उभं राहतं.

दुपारच्या वेळी दोन्ही म्हाताऱ्यांना चाकांच्या खुर्चीतून खिडकीपाशी आणून बसवत. तिथंच फुसाएनं त्याला शिकवलं.

"आधी कोमट पाण्यात कापूस भिजवा आणि नुसता ठेवा ओठांवर. घाई नको. सालपट निघालं असेल तर ओढायचं नाही, मऊ झालं की आपसूक सुटतं."

"बरं, गुरुजी."

"वय झालं की ओठ आतून ओसरतात. कवळी काढली की आणखीच आत जातात. रेषा बघा, उभ्या आहेत ना? मग बोटही उभंच फिरवायचं. आडवं फासलं की मलम नुसतं वर बसतं."

रेइजीनं बोटावर मलम घेतलं. वाहतुकीच्या गर्दीत बस वळवणारा हात, पण बापाच्या ओठांपाशी पार गांगरलेला. शेजारच्या खुर्चीतून फुसाएची आई तोकिए टक लावून बघत होती. लेकीचं नाव ती विसरायची, पण टोमणे मारायला विसरली नव्हती.

"हळू रे मेल्या! भिंत रंगवतोयस का?"

तिघंही हसली. तिघंच कशाला... म्हाताऱ्या कुवाबारांच्या ओठांचा एक कोपराही जरासा हलला. रेइजीनं तो पाहिला आणि घाईनं मान फिरवली.

पुढे रोजचंच झालं. भेट संपली की दोघं फाटकाजवळच्या छपराखाली बसची वाट बघत बसायची. समुद्राकडून काळे ढग यायचे, ऐन हिवाळ्यात गडगडायचं, अंधारून यायचं. रेइजी नाणी टाकायच्या यंत्रातून गरम मक्याच्या सूपचे दोन डबे काढायचा. आपला मास्क हनुवटीवर ओढून तो तिथंच प्यायचा. भला रुंद चेहरा, तोंडाभोवती हसून हसून पडलेल्या सुरकुत्या. फुसाए चोरून बघायची. आपला डबा मात्र पिशवीत टाकायची.

"घरी पिते."

"रोज घरी नेता! दुकान काढायचा विचार आहे की काय?"

"जीभ पोळते माझी."

"मग फुंकर घालून देतो..." बोलून गेला आणि त्याचेच कान लाल झाले.

फुसाएच्या छातीत धस्स झालं. गोडच धस्स, पण त्याच्या पाठोपाठ भीती आली. कारण सांगायचं तर हसाल तुम्ही. साथीच्या दिवसांत सगळ्यांबरोबर तिनंही मास्क लावला होता. तीन वर्षांनी तो उतरवायची वेळ आली, तेव्हा आरशात दिसलेल्या बाईला तिनं ओळखलंच नाही. वरचा ओठ होता कुठे? नुसती एक रेघ. भोवती बारीक चुण्या, आणि दोन्ही कोपरे खाली ओघळलेले. आईचंच तोंड कुणीतरी तिच्या चेहऱ्यावर आणून बसवलं होतं. त्याच आठवड्यात दुकानातली एक पोरगी निरागसपणे म्हणाली, "अय्या, फुसाएसान, मास्कमध्ये तुम्ही किती तरुण दिसायचात!" झालं. दुसऱ्या दिवसापासून मास्क पुन्हा चढला, तो उतरलाच नाही. दुकानात सर्दीचं निमित्त, आश्रमात तर नियमच होता.

आणि एके दिवशी रेइजी म्हणाला, "तुमचे डोळे हसतात ना, तेव्हा खालचं हसू मी मनातल्या मनात काढतो."

"कसं काढता?" विचारायला नको होतं, पण विचारलंच तिनं.

"छान. भरलेलं." त्यानं हवेत बोटानं गोलाई काढली. "चुकलं का?"

फुसाएनं सूपचा डबा पिशवीत कोंबला. बस आली तशी चढली. घरी येऊन कितीतरी वेळ कोट न काढता बसून राहिली. तिच्या मनात आलं, मी मेलीनं डोळेच का हसवले इतके? आता त्याच्या मनात कुणी दुसरीच बाई बसली आहे, भरल्या ओठांची. तिला हाकलून मी कशी बसू तिथे?

फेब्रुवारीत म्हाताऱ्या कुवाबारांचं खाणं सुटलं. डॉक्टर म्हणाले, आता सुया-नळ्या नकोत, शांतपणे जाऊ द्या. त्या संध्याकाळी छपराखाली रेइजीनं सूप आणलं नाही.

"फुसाएसान, एकदा माझ्याबरोबर जेवायला याल? बाजारामागे नूडल्सचं एक लहानसं दुकान आहे. समोरासमोर बसून... एवढंच."

समोरासमोर. गरम वाफेत. मास्क काढून.

"नको."

"उद्या नको, तर पुढच्या आठवड्यात?"

"नको हो. मला... मला बाहेरचं सोसत नाही."

तो तिच्या डोळ्यांत बघत राहिला. तिथं यावेळी हसू नव्हतं. खालचं ओळखायला त्याला काही वावच नव्हता.

"समजलं," तो हळूच म्हणाला. "चुकलंच माझं. बाबा गेले की घर विकून नागोयाला परत जावं म्हणतोय. इथे थांबायला तसं काही कारण उरणार नाही."

नको म्हणायला एक क्षण लागतो, आणि त्याचं ओझं किती दिवस वाहावं लागतं! फुसाएनं घरी जाताना एक लिपस्टिक घेतली. दारं लावून आरशासमोर बसली. ओठांच्या कडेबाहेर रेघ ओढून, आत रंग भरून, हव्या तेवढ्या जाड ओठांची बाई तिनं तयार केली. मग त्या बाईनं हसून बघितलं. रंग चुण्यांमधून वर पाझरला आणि रंगपटातलं सोंग समोर उभं राहिलं. फुसाएनं ते खसाखसा पुसलं, ओठ सोलवटेपर्यंत पुसलं. सालपट ओढू नका म्हणून जगाला सांगणारी ती, आपल्या ओठांना मात्र तिनं दया दाखवली नाही. मग हमसून हमसून रडली. पन्नाशी उलटल्यावर रडावं तर कुणाला सांगायची सोय नसते.

नंतरचे दिवस दोघांत नमस्कारापुरतं बोलणं उरलं. खिडकीपाशी आता तोकिएची एकटीचीच खुर्ची असे. खोलीच्या अर्धवट उघड्या दारातून येता-जाता फुसाएला तो दिसायचा. कापूस भिजवून बापाच्या ओठांवर धरलेला. घाई नाही. मग एका बोटानं, उभं, अलगद.

त्या सकाळी ती आईचे केस विंचरत होती. रेइजी जिना चढून दाराशी आला. मास्क नव्हता, डोळे सुजलेले.

"बाबा गेले. आत्ताच." त्यानं जिन्याकडे हात केला. "खाली... याल?"

ती गेली. खोलीत त्याची बहीण इकुको होती, ओसाकाहून रातोरात आलेली, करड्या आवाजाची ठसठशीत बाई. नर्सनं वाटीत पाणी आणि काडीच्या टोकाला बांधलेला कापूस आणून ठेवला होता. शेवटचं पाणी. गेलेल्या माणसाचे ओठ घरच्यांनी ओले करायचे, नात्यानं जो सगळ्यात जवळचा त्यानं आधी. फुसाए रीतीप्रमाणे मागे, भिंतीला टेकून उभी राहिली. परक्या माणसानं तिथंच उभं राहायचं असतं.

रेइजीनं कापूस बुडवला, बापाचे ओठ ओले केले. इकुकोनं केले. केवढी करडी ती, पण काडी ठेवताना तिचा हुंदका फुटलाच.

मग रेइजीनं काडी पुन्हा पाण्यात बुडवली आणि मागे वळला.

"फुसाएसान. आता तुम्ही."

फुसाए भिंतीपासून हलली नाही.

"दादा!" इकुकोनं नाक पुसलं. "असं काय करतोस? हे घरच्या माणसांनीच करायचं असतं."

"हो," रेइजी म्हणाला. "म्हणूनच."

काडी तशीच पुढे धरलेली. आपल्याला नको म्हणालेल्या बाईपुढे, बहिणीच्या देखत, बापाच्या उशाशी, या माणसानं सगळं काही उघडं करून ठेवलं होतं. आणि आपण? आपण एक फडकं सोडायला तयार नव्हतो. लाज वाटली फुसाएला, जन्मात वाटली नव्हती एवढी. घरचं माणूस तोंड झाकून शेवटचं पाणी देत नाही.

तिनं कानामागचे दोन्ही बंद सोडवले. मास्क कोटाच्या खिशात टाकला. गार हवा ओठांना लागली. ती पुढे झाली, काडी घेतली आणि म्हाताऱ्याचे ओठ ओले केले, आधी वरचा, मग खालचा. किती मऊ होते ते ओठ! एकही भेग नाही, एकही सालपट नाही. ब्याण्णव वर्षांच्या, मरणाशी आठवडाभर झगडलेल्या माणसाचे ओठ.

"छान ठेवलेत हो तुम्ही यांना," ती पुटपुटली आणि तिला रडू कोसळलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिनं सवयीनं तोंडावर हात नेला. मग मुद्दाम खाली घेतला.

"बघा," ती म्हणाली. "एकदाचं बघून घ्या. भरलेलं वगैरे काही नाही. म्हणून नको म्हटलं होतं नूडल्सना. तुम्ही मनात काढलेली बाई मी नाही."

रेइजी बघत राहिला. घाई नाही. तिला वाटलं, आता हा डोळे वळवेल. त्यानं वळवले नाहीत.

"एवढ्यासाठी?" तो म्हणाला. "आणि मी वेडा, आरशात माझंच तोंड बघत बसलो होतो. म्हटलं, काय आवडलं नसेल हिला?"

"चेष्टा करू नका."

"चेष्टा नाही हो. ती मनातली बाई मी बिनकामाचा बसल्या बसल्या काढली होती. त्यानंतर सगळा हिवाळा मी पातळ ओठ सांभाळलेत, फुसाएसान. त्यांची भीती मला कशी वाटेल? कुठे दुखतं, कुठे ओढ बसते, सगळं कळतं मला." मग त्यानं जवळून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "हे काय... इथे सोलवटलंय. कुणी ओढलं?"

फुसाएला हसूही आलं, रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की पातळ ओठ फार वेडेवाकडे होतात. तिनं होऊ दिले.

"नागोयाला कधी जाताय?" तिनं विचारलं.

"तुम्ही घालवाल तेव्हा."

आतून इकुकोची हाक आली. अंत्यविधीची माणसं येऊन थांबली होती, पुढे काय करायचं ते घरच्यांना विचारत होती.

"दादा! अरे, चल लवकर." मग तिचा आवाज जरा अडखळला, जरा उतरला. "आणि त्या... वहिनी म्हणायचं की काय ते तुमचं तुम्ही ठरवा बाई, पण दोघंही आत या."