भरतीची बाटली

सन दोन हजार चोवीस, वैशाख संपत आला होता. परळच्या आमच्या संस्थेत जेवणाच्या सुट्टीत मी दिवे, पंखे बंद करत फिरतो. त्या दुपारी तसाच इरावतीच्या खोलीत गेलो.

खोली सात महिने रिकामी. इरावती दिवाळीआधी डेंग्यूने गेली. टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा आणि कीबोर्ड तेवढा उरला होता. तिने मला एकदा समजावलं होतं, "काका, माझं खरं टेबल इथे नाहीच. लांब कुठल्यातरी मोठ्या मशीनमध्ये आहे. ही नुसती खिडकी. कुठूनही उघडा, मी सोडलं तसंच मांडलेलं दिसेल."

"म्हणजे तू घरी गेलीस तरी काम चालू?"

"चालूच. दिवे बंद करायला तुम्ही नाही ना तिथे."

पडदा उजळलेला होता. खाडीच्या पाण्यात कुठले जीव येऊन गेले, त्याचं तिचं कोष्टक. एक ओळ पिवळी. २९ मे २०२३. भरती. पाणी आणणारा, शामराव, म्हणजे मी.

मी वायर उपटली. पडदा मिटला. शेजारच्या टेबलावरचा उजळला. तीच ओळ. खोलीत चिखलाचा वास आला, ओहोटीला रे रोडच्या वखारींमागे येतो तसा. मग कीबोर्डची कळ वाजली. थांबून आणखी एक...

ओळीत वेळ उमटली. दुपारी १२:४०.

ती वेळ मी कोणालाही सांगितली नव्हती.

रे रोडच्या धक्क्यावरून एक बाटली ओहोटीची, एक भरतीची आणायची, हे माझं काम. मध्ये सहा तास. त्या दिवशी ऊन फार होतं. दोन्ही बाटल्या ओहोटीलाच भरल्या, दुसरीवर संध्याकाळची वेळ लिहिली आणि लालबागला घरी जाऊन झोपलो. दोन्हींत तेच जीव निघाले. आमच्या प्रमुख सुनेत्राबाई इरावतीला म्हणाल्या, "एकाचे आकडे दुसऱ्यात उतरवलेस." तिचं काम बाजूला ठेवलं.

इरावतीने मला विचारलं होतं, "काका, काही राहिलं असेल तर सांगा... मी रागावणार नाही."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चाळीस वर्षांत माझ्या कामावर कोणी बोट ठेवलं नाही. तुझं मशीन बघ."

तो डाग घेऊन ती गेली.

मी सुनेत्राबाईंकडे गेलो.

"बाई, इरावतीचं ते टेबल... चालू आहे?"

"दिवाळीतच बंद केलं. का?"

सगळं सांगितलं.

"तेव्हा गप्प का राहिलात, शामराव?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आताही वाटते."

त्यांनी कागद पुढे केला. मी चौथी शिकलेला. पाच ओळींना अर्धा तास लागला. सही केली. बाईंनी तो कागद इरावतीच्या फायलीत लावला आणि तिच्या नावापुढचा शेरा माझ्यासमोर खोडला.

मग मी रे रोडला गेलो. भरतीपर्यंत धक्क्यावर बसलो. पाणी चढल्यावर घड्याळ बघून सहा बावन्नला एक बाटली भरली.

दुसऱ्या दिवशी ती इरावतीच्या टेबलावर ठेवली. तिच्यावर वेळ अजून लिहायची होती. वायर मी उपटली तशीच खाली लोंबत होती.

पडदा उजळला. ओळीत संध्याकाळचे ६:५२ झाले. पिवळा रंग गेला.