थकलेला प्रकाश

चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून आलेला आलेख सुनेत्रा वाघमारेने तिसऱ्यांदा पाहिला आणि वैतागून चष्मा काढून ठेवला. इलेक्ट्रॉनांचं अत्यल्प ऊर्जेचं सिंक्रोट्रॉन प्रारण, म्हणजे अगदी मंद प्रकाश, टिपणारा हा ‘मंदप्रारण-शोधक’ तिने अकरा वर्षं खपून घडवला होता. पुण्याच्या प्रयोगशाळेत तो चोख चालला होता. चंद्रावर पोचल्यावर मात्र भलतंच सांगू लागला होता.

“सर, यंत्र बिघडलंय. उद्याच्या बैठकीत ते बंद करा म्हणतील, आणि मला तोंड उघडायला जागा नाही.”

तिचे जुने मार्गदर्शक डॉ. इनामदार खुर्ची ओढून बसले. “आधी दिसतंय काय, ते सांग.”

“चुंबकीय क्षेत्रात वळताना इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतो आणि फेकता फेकता थकतो. जितका जुना, तितका त्याचा प्रकाश मंद. त्यावरून वय काढता येतं. निसर्गात नव्या-जुन्यांची सरमिसळ असते. इथे चार ढग दिसताहेत, आणि एकेका ढगातले झाडून सगळे इलेक्ट्रॉन एकाच वयाचे!”

“कुणीतरी एका झटक्यात सोडल्यासारखे?”

“हो ना! शिवाय चारही एका सरळ रेषेत. काही कळेनासं झालंय.”

“वयं किती?”

“अठ्ठेचाळीस वर्षं, छत्तीस, चोवीस, बारा.”

“आणि अंतरं?”

तिने ती शेजारी मांडून कधी पाहिलीच नव्हती. ती वाचू लागली. “अठ्ठेचाळीस प्रकाशवर्षं... छत्तीस...” पुढचे आकडे तिने मोठ्याने वाचले नाहीत.

“यंत्र इतकं शिस्तीत बिघडत नसतं, सुनेत्रा,” इनामदार हळूच म्हणाले. “कुणीतरी प्रवासात आहे. टप्प्याटप्प्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडत इकडे येतंय.”

“मग पाचवा टप्पा? अंतर शून्य, वय शून्य. तो शोधकात का नाही?”

ती आलेखाकडे पाहत राहिली. मग एकदम तिच्या लक्षात आलं. शोधक तिने बनवला होता थकलेल्या प्रकाशासाठी. आत्ताच सुटलेल्या इलेक्ट्रॉनचा प्रकाश मंद कसा असेल?

ती धावतच शेजारच्या दालनात गेली. साध्या दुर्बिणींचं काम पाहणारे झेंडे फोनवर होते. त्यांनी हातानेच तिला थांबवलं.

“जरा दम धर, बाई. दहा मिनिटांपासून फोन थांबत नाहीयेत. भर दुपारी आकाशात निळा तारा दिसतोय म्हणे. नुसत्या डोळ्यांनी!”