भिंतीपासून पाच मीटर

सोमवारी सकाळी आलेल्या पहिल्या बाईंचा डोळा कोऱ्या भिंतीवर दोन सेकंद आणि एक दशांश इतका वेळ थांबला.

छापलेल्या पानावर डोळा असा थांबत नाही. तो उड्या मारत जातो. एका ठिकाणी पाव सेकंद, फार तर अर्धा, की निघाला पुढे. दोन सेकंद म्हणजे डोळ्याच्या हिशेबाने अगदी ऐसपैस बैठक मारणंच झालं, आणि तीही जिथे बघण्यासारखं काहीच नाही अशा जागी. मोजणारीने वहीत आकडा लिहिला, त्याखाली रेघ ओढली आणि दुसऱ्या माणसाला आत बोलावलं.

तिचं काम असं होतं: जाहिरात छापायला जाण्याआधी ती बारा परक्या माणसांना दाखवायची आणि त्यांचे डोळे पानावर कुठून कुठे गेले, किती थांबले, हे यंत्राने टिपून घ्यायचं. खोली लहानशी. एक खुर्ची, हनुवटी टेकवायला एक पट्टी, समोर सत्तर सेंटिमीटरवर फळ्याला लावलेलं चित्र, त्याखाली डोळे टिपणारे दोन बारीक कॅमेरे. फळ्याच्या बाजूला, बसणाऱ्याकडे तोंड करून, तिचं टेबल. भौतिकशास्त्र शिकून जाहिरातीच्या धंद्यात आलेली ती एकटीच, म्हणून एजन्सीत तिला सगळे मोजपट्टी म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर. नाव ठेवलं होतं तिच्या दादानेच. एजन्सी त्याची होती.

आणि एजन्सी राहते की जाते, हे या एका जाहिरातीवर ठरणार होतं.

जाहिरात रंगाच्या कंपनीची. समोरासमोरची दोन पानं मिळून एकच फोटो: रिकामी खोली, समोर नुकतीच रंगवलेली फिकट भिंत, तिच्यावर खिडकीतून आलेला तिरपा उजेड. बस. खाली उजव्या कोपऱ्यात रंगाचा एक लहान डबा, आणि शेजारी एकच ओळ, 'जागा तयार आहे.' दोन वर्षांत दादाची गिऱ्हाईकं एकेक करून गळाली होती. बाकीचे पान कोंबून भरतात, आपण रिकामं ठेवू, असा या वेळी त्याचा हट्ट होता, आणि कंपनीच्या साहेबांना तो पटलाही होता. अट एकच. मोजपट्टीच्या अहवालावर 'छापावी' असं लिहून आलं, तर रविवारी सगळ्या वर्तमानपत्रांत आणि चौकाचौकातल्या फलकांवर. नाहीतर काम दुसऱ्याकडे. काम दुसऱ्याकडे गेलं की एजन्सीला कुलूप, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. शनिवारी दुपारी बारापर्यंत छापखान्याला कळवायचं होतं.

सोमवारी संध्याकाळी तिने बारा जणांच्या नजरा एकावर एक ठेवून पाहिल्या. जिथे डोळे जास्त थांबतात तिथे नकाशात लाल रंग येतो. डब्यावर आणि ओळीवर फिकट पिवळा. निम्मी माणसं तिथवर पोचलीच नव्हती. लाल होता तो भिंतीवर, डावीकडे, जरा वरच्या बाजूला. नियमाप्रमाणे तिने तिथल्या तिथे 'छापू नये' लिहायला हवं होतं.

तिने नकाशा मोठा करून पाहिला. डाग एक नव्हता, तीन होते. दोन शेजारी शेजारी, आणि तिसरा त्यांच्या खाली, मधोमध.

या तीन ठिपक्यांशी तिची जुनी ओळख होती. माणूस चेहऱ्याकडे असाच बघतो: एक डोळा, दुसरा डोळा, तोंड, परत डोळा. साबणाच्या जाहिरातीतली बाई असो की विम्याच्या जाहिरातीतले आजोबा, हजारो नकाशांत तिने हा त्रिकोण पाहिला होता.

तिने छापील नमुना टेबलावर घेतला आणि त्या जागेवर भिंग धरलं. छपाईच्या चार रंगांचे बारीक ठिपके, नेटके, एकसारखे. भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

"काय गं, झालं का?" दादाने दारातून विचारलं.

"उद्या सांगते."

"रिकामी भिंत बघायला दोन दिवस?"

"तुला ती रिकामी ठेवायला किती लागले?"

"तीन महिने," दादा म्हणाला. "पण मी कलावंत आहे."

मंगळवारी तिने नवी बारा माणसं बोलावली. सहा जणांना चित्र सरळ दाखवलं, सहा जणांना उलटं टांगून. उलट्या चित्रात ते तीन ठिपके भिंतीबरोबर उजवीकडे खाली सरकले. म्हणजे दोष यंत्रात नव्हता, चित्रातच होता. इथवर सरळ होतं. पण दोन ठिपके वर आणि एक खाली, ही रचना तशीच राहिली. चित्र उलटं, चेहरा सुलट.

तिने दादाला बोलावून नकाशा दाखवला. त्याने मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि हसला.

"अगं, लोकांना ढगातसुद्धा चेहरे दिसतात."

"दिसतात. पण प्रत्येकाला वेगळ्या ढगात. इथे चोवीस जणांना एकाच जागी दिसतोय, आणि दिसला असं एकही जण म्हणत नाही."

"मग दिसला नाही. संपला विषय."

"डोळे तसं म्हणत नाहीत."

"मोजपट्टे," दादा म्हणाला, आणि या वेळी हसला नाही, "तुला चूक सापडली तर सांग, मी दुरुस्त करतो. पण गंमत म्हणून अडवू नकोस. बाहेर एजन्सीची सहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसलीत."

गंमत म्हणून ती अडवत नव्हती. पण काय म्हणून अडवत होती, तेही तिला धड सांगता आलं नसतं. घाबरली असती तर 'छापू नये' लिहून मोकळी झाली असती. तिला भीती वाटत नव्हती. तिला फक्त कळायला हवं होतं. लहानपणापासूनचीच खोड. बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त होण्यापेक्षा ते का बंद पडलं, यात तिला जास्त रस.

बुधवारी सकाळी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, एकदाचं हो म्हणून टाका ना. हा माणूस जेवताना ताटाऐवजी भिंतीकडे बघतो. काल माझं नाव घेऊन भिंतीला मीठ मागितलं."

"भिंतीने दिलं का?"

"मीच दिलं. नेहमीसारखं. पण खरंच, झोपत नाही हो तो. काही चुकलं असेल तर तसं सांगा, पण सांगा."

त्या दिवशी अकरा माणसं झाल्यावर बारावा म्हणून खुर्चीत दादा स्वतःच येऊन बसला. "माझे डोळे घे. ही भिंत मी रंगवलीय, फोटो मी काढलाय. ती रिकामी आहे हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही." त्याने हनुवटी टेकवली. तिने दहा सेकंद चित्र दाखवलं आणि झाकलं.

"काय आलं?"

तिने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. दोन ठिपके, खाली एक.

 दादा शर्टाच्या बाहीने उगाच चष्मा पुसत म्हणाला, "मी तिकडे बघितलंच नाही गं."

"फोटो काढताना कॅमेरा भिंतीपासून किती लांब होता?"

"पाच मीटर. का?"

"खोलीत अजून कोण होतं?"

"मी आणि रंगाची बादली. दारसुद्धा लावून घेतलं होतं, उजेड हलू नये म्हणून." तो उठला. "अहवालात काय लिहितेस?"

"उद्या सांगते."

तो गेल्यावर ती पुन्हा आकड्यांकडे वळली. दुपारपासून एक गोष्ट तिला खुपत होती. वरच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर सोमवारी होतं साडेबारा मिलिमीटर. मंगळवारी सोळा. आज एकवीस. यंत्राची चूक चार-पाच मिलिमीटरची असते हे धरूनही, बारा माणसांच्या सरासरीत एवढी वाढ चुकीने येत नाही.

छापील पानावर भिंत होती मूळ मापाच्या एक पंचमांश. माणसाच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण त्रेसष्ट मिलिमीटर अंतर असतं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाचं ते फोटोत किती दिसेल? साडेबारा. आणि तो भिंत सोडून कॅमेऱ्याच्या दिशेने एक मीटर पुढे आला तर? जवळजवळ सोळा. दोन मीटर आला तर एकवीस.

कॅमेऱ्यापासून पाच मीटर, चार, तीन.

तिने पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर रस्त्यावर गाड्या वाजत होत्या, पलीकडच्या खोलीत कोणीतरी चहाचे कप विसळत होतं. तिने पेन पुन्हा उचललं आणि वहीत उद्याची तारीख घालून लिहिलं: साडेएकतीस.

गुरुवारी एकतीस आलं.

त्या दिवशीच्या शेवटच्या होत्या एक निवृत्त शिक्षिका. ताठ बसणाऱ्या, प्रत्येक सूचनेला "बरं" म्हणणाऱ्या. चित्र झाकल्यावर त्यांनी पर्स उचलली आणि जाता जाता म्हणाल्या, "त्यांना जरा बसायला सांगा ना. किती वेळ उभं ठेवायचं माणसाला?"

"कोणाला?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"कोणाला बसायला सांगू?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. वर्गात वेडा प्रश्न विचारणाऱ्या पोरीकडे पाहावं तसं. "मी कुठे काय म्हणाले? तुमची झोप झालेली दिसत नाही. घरी जा लवकर."

ती घरी गेली, आणि झोपलीही. झोपताना तिच्या डोक्यात एकच आकडा होता.

शुक्रवारी तो आला. त्रेसष्ट. खरंखुरं माप, छापील कागदावर. भिंतीपासून चार मीटर पुढे, कॅमेऱ्यापासून एक मीटरवर. त्या दिवशी बारापैकी नऊ जणांनी मधेच हनुवटी पट्टीवरून मागे घेतली. एका शिंप्याने तर खुर्चीच वीतभर मागे ढकलली.

"फार जवळ लावलंय हो तुम्ही."

तिने टेप काढून त्याच्यासमोर मोजून दाखवलं. सत्तर सेंटिमीटर, रोजच्यासारखं.

"असेल," शिंपी म्हणाला. मापावर वाद घालणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. पण पुन्हा पुढे सरकला नाही.

संध्याकाळी तिने बेसिनवरच्या आरशासमोर उभं राहून पट्टी कपाळाशी धरली आणि स्वतःच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. एकसष्ट. आपल्याला बरं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं. का, ते तिने शोधलं नाही.

दादा त्या दिवशी दारात आलाच नाही. जाताना नुसता बाहेरून म्हणाला, "उद्या बारा."

शनिवारसाठी तिने वहीत काहीच लिहिलं नाही. एक मीटरमधून एक मीटर गेला की उरतं शून्य, आणि शून्याने भागता येत नाही.

शनिवारी साडेनवाला पहिला माणूस बसला. त्याचा डोळा खिडकीच्या उजेडावरून भिंतीवर घसरला, भिंतीवरून डब्यावर, डब्यावरून ओळीवर. पाव सेकंद, पाव सेकंद, अर्धा. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्या बाईंनी तर ओळ दोनदा वाचली. अकरापर्यंत बारा जण झाले. तिने नकाशे एकावर एक ठेवले. लाल रंग डब्यावर आणि ओळीवर. भिंत कोरी. दादाच्या मनातली जाहिरात जशी दिसायला हवी होती, तंतोतंत तशी.

भिंतीवर तिने पुन्हा भिंग धरलं. तेच छपाईच्या चार रंगांचे ठिपके.

खरं म्हणजे हा सगळ्यात चांगला निकाल होता. गेल्या वर्षभरात एवढा स्वच्छ नकाशा तिने पाहिला नव्हता.

फक्त एक गोष्ट यंत्रात आली नव्हती, कारण ती डोळ्यांनी झालेली नव्हती. उठून जाताना प्रत्येक माणूस खुर्ची आणि दार यांच्यामध्ये, तिच्या टेबलाच्या कोपऱ्यापाशी, जरासा आडवा झाला होता. अरुंद बोळात समोरून कोणी आलं की आपण खांदा वळवून वाट देतो, तसा. पहिल्या दोघांचं तिने मनावर घेतलं नाही. नंतर तिने टेबल हातभर मागे ओढलं, जागा ऐसपैस केली.

पुढचे दहाही जण वळूनच गेले. त्यातला एक हळू आवाजात "माफ करा" म्हणाला. तिला नव्हे.

पावणेबाराला दादा आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, हातात फोन. छापखानेवाला लाइनवर थांबला होता.

"आता उद्या नाही म्हणायचं," तो म्हणाला. "काय ते आज. नाही असेल तर नाही. मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतो."

तिने त्याला नकाशा दाखवला. त्याने तो पाहिला आणि खुर्चीच्या पाठीला धरलं. 

"गेला?"

"चित्रातून गेला."

"मग लिही ना. वाट कसली बघतेस?"

ती त्याच्याकडे बघत होती. तो तिच्याशी बोलत होता, पण तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर तिच्या डाव्या खांद्याच्या वर होती.

डावीकडे. उजवीकडे. खाली, मधोमध.

परत डावीकडे.

हे टिपायला तिला यंत्र लागलं नाही. दादाला त्याचा पत्ताही नव्हता.

मागे वळून बघावं, असं तिला वाटलं. खूप वाटलं. सहा दिवस ती याच एका गोष्टीसाठी थांबली होती.

फोनमधला आवाज म्हणाला, "हॅलो? साहेब, काय करू?"

ती वळली नाही. अहवाल पुढे ओढून तिने एक शब्द लिहिला, सही केली, आणि तो मोठ्याने वाचून दाखवला.

"छापावी," ती म्हणाली. "आता त्यात कोणी नाही."